सेल्फ फिरतोय, पण इंजिन ढिम्म: रायडिंग मोअरच्या स्टार्टर गियरची गोष्ट

एप्रिल लागला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. अमेरिकेतल्या रॅली शहराच्या आसपास राहणारी आपलीच माणसं. घर घेतलं, घराबरोबर अर्धा-पाऊण एकर गवत आलं आणि गवतामागोमाग बसून चालवायची कापणीची गाडी, म्हणजे रायडिंग मोअर आली. हिवाळाभर ती शेडमध्ये झाकून ठेवलेली. पहिलं ऊन पडल्यावर बाहेर काढून किल्ली फिरवली, तर आतून नुसता मोकळा "घुंऽऽई" असा आवाज येतो. "दादा, नवी बॅटरी टाकली तरी तेच. इंजिन बसलं का हो?"

बहुतेक वेळा इंजिनाला काहीही झालेलं नसतं. पेढ्याएवढं एक प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलेलं किंवा तुटलेलं असतं. मी माझ्यासाठी ते आणलं तेव्हा पंधरा डॉलरही लागले नव्हते.

यंत्र दुरुस्त करण्याच्या हक्कावरून अमेरिकेत सध्या बरंच रण माजलं आहे. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी तसा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीवर खटला भरला. ते भांडण मुख्यतः मोठ्या ट्रॅक्टरांचं आणि त्यांच्यातल्या सॉफ्टवेअरच्या कुलपांचं आहे. आपल्या मोअरच्या स्टार्टरला, म्हणजे सेल्फला, असं कुलूप नाही, तो दोन बोल्टांवर उभा असतो. माणूस अडतो तो आत काय चाललंय हे ठाऊक नसल्यामुळे. तेवढंच इथे सांगतो.

आधी आवाज ऐका

पाना हातात घेण्याआधी किल्ली फिरवून कान द्या. काहीच आवाज नाही, तर सीटखालचा स्विच, ब्रेकच्या पेडलचा स्विच, पात्यांचा खटका किंवा फ्यूज तपासा. या गाड्या सुरक्षेसाठी अशा बांधलेल्या असतात की ब्रेक दाबलेला नसेल किंवा पाती चालू ठेवलेली असतील तर वीज स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. नुसता "टक-टक" आवाज आला तर बॅटरी किंवा सोलेनॉइड. सोलेनॉइड म्हणजे किल्लीच्या बारीक विजेवर बॅटरीची जाड तार जोडून देणारा स्विच.

इंजिन अर्धा फेरा फिरतं, भिंतीला धडकल्यासारखं थांबतं, पुन्हा थोडं हलतं, हा तिसरा प्रकार. तो लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आणि मोकळा "घुंऽऽई" किंवा "खर्रर्र" असा दात खाल्ल्यासारखा आवाज आला, तर स्टार्टर फिरतोय पण त्याचं चाक इंजिनाच्या चाकात अडकत नाहीये. हाच आपला विषय.

विहिरीवरचं हँडल

लहानपणी आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. सुरू करायला दोन माणसं लागायची. एक जण वरचा खटका उचलून धरायचा, दुसरा हँडल मारायचा. इंजिनाच्या जड चाकाने पुरेसा वेग घेतला की खटका सोडायचा, "फट्... फट्... फटफटफट" करत इंजिन धरायचं आणि त्याच क्षणी हँडल आपोआप सुटून हातात यायचं. हँडलच्या तोंडाला तिरकी खाच असते. माणूस इंजिनाला फिरवतोय तोवर ती खाच धरून ठेवते. इंजिन माणसाच्या पुढे गेलं की तीच खाच हँडलला बाहेर ढकलते. आबा आम्हाला बजावायचे, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. इंजिन उलट मारलं तर मनगट जातं.

मोअरच्या स्टार्टरमध्ये नेमकं हेच तीन गोष्टींचं नाटक बंद डब्यात चालतं: चाकाला वेग देणं, इंजिन धरलं की सुटून येणं आणि उलटा फटका बसला तर कुठेतरी काहीतरी मोडणं. हँडल मारणाऱ्या हाताच्या जागी विजेची मोटर आली, एवढाच फरक. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसला आणि मोटारगाड्यांचं हँडल हळूहळू इतिहासजमा झालं.

मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन. इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, त्याच्या कडेने दात्यांची गोल रिंग असते. मोटर छोटी, इंजिन जड. पण पिनियनला थोडे दाते आणि रिंगला त्याच्या कितीतरी पट, म्हणून पिनियन भराभर फिरून फ्लायव्हीलला सावकाश पण जोराने फिरवतं. सायकलचा चढावरचा गियर तसाच.

चाक वर उडी कशी मारतं

माझ्या मते सगळ्या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट ही आहे.

पिनियन कायम रिंगला जोडलेलं ठेवलं तर? मोअरचं इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३६०० फेरे घेतं. रिंगला जोडलेल्या पिनियनला त्याच्या कैक पट वेगाने फिरावं लागेल आणि मोटरच्या तारा क्षणात बाहेर फेकल्या जातील. म्हणून पिनियन एरवी खाली बसलेलं हवं, किल्ली फिरवली की वर जायला हवं, आणि इंजिन सुरू झालं की कुणी न सांगता खाली यायला हवं.

घरातला एक जाड बोल्ट आणि त्यावर सैल फिरणारा नट घ्या. नट बोल्टाच्या मध्यावर आणा आणि बोल्टाला चिमटीत धरून झटक्यात फिरवा. नट बोल्टाबरोबर फिरत नाही, जडपणामुळे जागीच राहू बघतो, आणि त्यामुळे आट्यांवरून पुढे सरकतो. झालं, पिनियन हेच करतं. मोटरच्या दांड्यावर रुंद, तिरके आटे असतात. मोटर झटक्यात फिरली की पिनियन त्या आट्यांवरून वर चढतं आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरतं. वर टेकल्यावर जायला जागा नसते, मग ते मोटरबरोबर फिरू लागतं आणि इंजिनाला ओढतं.

इंजिनाने पेट घेतला की उलटं होतं. आता फ्लायव्हील पिनियनला मोटरपेक्षा जोरात फिरवतं, म्हणजे नट उलटा फिरवल्यासारखं झालं. पिनियन आट्यांवरून खाली उतरतं आणि वरची छोटी स्प्रिंग त्याला खालीच दाबून ठेवते. विहिरीवरच्या हँडलची तिरकी खाच आठवा.

ही रचना लोकप्रिय केली व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाने. आपल्याकडे गॅरेजमध्ये आजही मिस्त्री म्हणतात, "सेल्फचं बेंडिक्स गेलंय." ते त्याचंच आडनाव. सांगलीच्या गॅरेजमध्ये ऐकलेला शब्द मला इथल्या सुट्या भागांच्या दुकानात जसाच्या तसा उपयोगी पडला, काउंटरवरचा म्हातारा लगेच आत जाऊन खोका घेऊन आला.

प्लॅस्टिक का घातलं? लोखंडी का नाही?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि थोड्या रागानेच. एवढं हजारो डॉलरचं मशीन आणि आत प्लॅस्टिकचं चाक!

पण घरातला फ्यूज आठवा. तो मुद्दाम कच्चा असतो, म्हणजे जळायची वेळ आली तर तो जळतो, भिंतीतली तार नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन हे मिलवॉकीचं जुनं नाव, १९०८ पासूनचं. अनेक ब्रँडच्या मोअरमध्ये इंजिन त्यांचं असतं. त्यांच्या बऱ्याच इंजिनांत फ्लायव्हीलची रिंग अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि तिच्या जोडीला नायलॉनसारख्या चिवट प्लॅस्टिकचं पिनियन. रिंग पोलादी असेल तिथे पिनियनही पोलादी. अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगला "पक्कं काम" म्हणून पोलादी पिनियन लावलंत, तर पुढच्या वेळी पिनियन शाबूत राहील आणि रिंगचे दाते खाल्ले जातील. मग फ्लायव्हील उतरवा, ओढून काढायचं हत्यार आणा, आणि खर्च कुठल्या कुठे. जे होतं तेच लावा. इंजिनाच्या पत्र्यावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे कोरलेले असतात. मोअरचा नाही, इंजिनाचा नंबर दुकानात सांगायचा. इथेच बहुतेकांची चूक होते.

तरी हे प्लॅस्टिक अमर नाही, हे कबूल. दहा-बारा उन्हाळे गॅरेजच्या उकाड्यात काढल्यावर ते ठिसूळ होतं. कधी दाते झिजतात, कधी चाक मधोमध तडकून दांड्यावर नुसतं गरगरतं.

मग तुटलं कशामुळे?

आता मुद्द्याची गोष्ट. तुटलेलं चाक काढून नवं बसवायला तासभर पुरतो. पण तुटायचं कारण तसंच राहिलं तर नवं चाक पुढच्या मोसमात, कधी पुढच्या आठवड्यातही जातं. पहिल्यांदा मी चाक बदललं आणि निवांत झालो. बाविसाव्या दिवशी ते पुन्हा तुटलं. शेडच्या फरशीवर पांढऱ्या प्लॅस्टिकचे तीन दाते पडले होते, दुधाचे दात पडावेत तसे. तेव्हा कळलं की मी फ्यूज बदलला होता आणि शॉर्टसर्किट तसंच ठेवलं होतं.

माझ्या मशीनचा दोष होता त्या तिसऱ्या प्रकारचा: इंजिन अर्धा फेरा फिरून ढुशी मारून थांबायचं.

इंजिनात पिस्टन वर येताना हवा दाबतो. ती दाबायला मोठा जोर लागतो, आणि सुरू करताना तो सगळा जोर छोट्या मोटरवर पडला तर ती अडखळते. म्हणून अशा इंजिनांत दाब सोडण्याची सोय असते. इंजिन सावकाश फिरत असताना एक व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा राहतो, थोडी हवा निसटते, पिस्टन हलका होतो. वेग वाढला की ही सोय आपोआप मिटते. विहिरीवर एक जण वरचा खटका उचलून धरायचा ना, तेच काम. जुनी बुलेट चालवलेल्यांना किक मारण्याआधी दाबायची ती छोटी लिव्हर आठवेल, तीही हीच. किंवा कुकरची शिटी चमच्याने जराशी उचलून धरा, दाब चढतच नाही.

आता गंमत बघा. व्हॉल्व्ह किती उचलला जातो, तर केसभर. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात ठरलेली फट असते. ब्रिग्जच्या इंटेक मालिकेतल्या एक सिलिंडरच्या इंजिनांत आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.००३ ते ०.००५ इंच आणि बाहेर सोडणाऱ्याला ०.००५ ते ०.००७ इंच. म्हणजे साधारण छपाईच्या एका कागदाची जाडी. वापरात ही फट वाढली, की ते केसभर उचलणं त्या फटीतच विरून जातं. व्हॉल्व्ह हलतच नाही, दाब सुटत नाही, आणि मोटर प्रत्येक वेळी पूर्ण दाबाच्या भिंतीवर आदळते. तो सगळा आघात कुणाच्या दातांवर? पेढ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या.

माझ्या इंजिनात फिलर गेज घातलं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांची ती जुडी, तर नेमून दिलेल्यापेक्षा कितीतरी जाड पट्टी आरामात आत गेली. फट बरोबर केली, दुसरं चाक बसवलं. ते चाक आज चौथ्या मोसमात आहे. फट मोजताना पिस्टन पार वर आणून पुढे पाव इंच खाली घ्यावा लागतो, नाहीतर दाब सोडायची तीच सोय व्हॉल्व्ह उचलून धरते आणि माप खोटं येतं. तुमच्या इंजिनाचे आकडे त्याच्याच पुस्तकातून घ्या, माझे नकोत.

दुसरं कारण उलटा फटका, आबा ज्याला घाबरायचे तो. फ्लायव्हील दांड्यावर नेमक्या जागी बसावं म्हणून मध्ये एक छोटी चावी असते, मऊ धातूची. पातं दगडावर किंवा झाडाच्या बुंध्यावर जोरात आदळलं की ती चावी कधी कधी कातरली जाते. फ्लायव्हील किंचित सरकतं, ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि इंजिन सुरू होताना उलट मारतं. "मागच्या मोसमात कशावर आपटलात का?" हा प्रश्न मी फोनवर पहिला विचारतो. अर्धे लोक क्षणभर गप्प होतात.

बाकीची कारणं साधी. अशक्त बॅटरीने मोटर झटक्यात फिरत नाही, मग पिनियन अर्धवट वर चढून दात्यांच्या टोकांवर घासतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टरचे दोन बोल्ट सैल असले तर तो कलतो. आणि सुरू होत नाही म्हणून किल्ली वीस-वीस सेकंद धरून ठेवणं तर अगदी बंद करा. पाच सेकंद, मग एक मिनिट विश्रांती.

प्रत्यक्ष काम

किल्ली काढून खिशात. स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला. बॅटरीची आधी काळी तार सोडवायची, म्हणजे लाल बाजूवर काम करताना पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. हे तीन झाल्याशिवाय हात आत घालायचा नाही.

स्टार्टर फ्लायव्हीलच्या कडेला उभा असतो, खालून त्याला जाड तार येते. तारेचा नट सोडताना आतला स्क्रू फिरू देऊ नका, फिरला तर स्टार्टरच्या आतला जोड तुटतो. मग दोन बोल्ट काढले की स्टार्टर हातात. काही गाड्यांत त्याआधी वरचं पंख्याचं आवरण काढावं लागतं. तिथे उंदराचं घरटं सापडलं तर दचकू नका, हिवाळ्यात त्यांची ती आवडती जागा आहे. घरटं मात्र पूर्ण साफ करा, थंड हवेचा रस्ता तोच आहे.

फ्लायव्हील हाताने एक पूर्ण फेरा फिरवून रिंगचा प्रत्येक दाता बघा. एक-दोन दाते गळले असतील तर नवं चाक तिथे पोचलं की पुन्हा मार खाईल.

आता स्टार्टरचं डोकं. वर प्लॅस्टिकची टोपी, तिच्याखाली इंग्रजी सी अक्षरासारखी पोलादी सर्क्लिप, मग स्प्रिंग, मग पिनियन. ही सर्क्लिप निसटली की कुठे उडेल याचा नेम नाही. मी डोळ्यांवर चष्मा लावतो आणि स्टार्टरचं डोकं पारदर्शक पिशवीत घालून आतच पक्कड चालवतो. नव्या चाकाबरोबर नवी सर्क्लिप मिळते, तीच वापरा.

जुनं चाक निघालं की दांड्यावरचे तिरके आटे कोरड्या फडक्याने पुसा. इथे आपला हात आपोआप ऑइलच्या डबीकडे जातो. आवरा. तेलावर गवताची धूळ बसते, तिचा लगदा होतो आणि पिनियन वर अडकतं किंवा खाली. कोरडंच चांगलं. नवं चाक बसवताना दात्यांची उतरती, घासून तिरकी केलेली कड वर, म्हणजे रिंगच्या बाजूला. त्या उतारामुळेच दाते एकमेकांत सहज शिरतात.

सगळं बसलं की पिनियन बोटाने फिरवून वर चढवा आणि सोडा. ते न अडखळता खाली आलं पाहिजे. मग स्टार्टर परत जागेवर, दोन्ही बोल्ट सारखे आवळून, तार, बॅटरीची लाल, शेवटी काळी. स्टार्टर हातात धरून बॅटरीवर "जरा बघू" म्हणत फिरवू नका, तो हातातून उडी मारतो.

अख्खा स्टार्टरच नवा टाकला तर?

टाका, काही हरकत नाही. मोटर जुनी झाली असेल, आतले कार्बन ब्रश संपले असतील, हात लावता येणार नाही इतकी ती तापत असेल, तर तेच शहाणपणाचं. पण स्टार्टर बदलल्याने व्हॉल्व्हची फट बरोबर होत नाही आणि कातरलेली चावी जुळत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांना दुकानाने दोन वर्षांत दोन स्टार्टर बसवून दिले. तिसऱ्या वेळी आम्ही दोघांनी व्हॉल्व्हचं झाकण उघडलं.

पेट्रोलची मशीनं जाणारच आहेत, मग खटाटोप कशाला?

जाणार आहेत हे खरं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून बनणारी अशी छोटी नवी इंजिनं धूर न सोडणारीच हवीत, असा नियम आहे. बॅटरीवरच्या मोअरला पिनियन नाही, रिंग नाही, पंधरा डॉलरचं चाकही नाही. नवं घ्यायची वेळ आली की मीही तेच घेईन. पण त्या नियमातही जुनं मशीन वापरायला बंदी नाही, आणि चांगलं चालणारं तीनशे-चारशे पौंड वजनाचं लोखंड पेढ्याएवढ्या चाकापायी भंगारात घालणं मला पटत नाही. गावाकडे पॉवर टिलर, जनरेटर, जुनी ट्रॅक्टरं आहेत, त्यांच्या सेल्फमध्येही घटकाभर जोडून सुटायची हीच धडपड चालते, बहुतेक ठिकाणी पिनियन पुढे ढकलायची तऱ्हा तेवढी वेगळी.

नवं चाक बसवून पहिल्यांदा किल्ली फिरवाल तेव्हा लगेच थ्रॉटल वाढवू नका. कान स्टार्टरकडे ठेवा. इंजिन धरल्याबरोबर, त्याच्या फटफटीच्या आत, एक छोटा "टक" ऐकू येतो. पिनियन खाली येऊन आपल्या जागी बसल्याचा तो आवाज. तो ऐकू आला की मग गवताकडे वळा.